हातमोज्याची तपासणी

माझ्या मुलीने बनवलेला खेळ आमच्या घरच्या कॉम्प्युटरने दारातच अडवला. स्क्रीनवर लाल चौकट आली, ‘धोका सापडला, फाइल बाजूला ठेवली आहे,’ आणि खरं सांगायचं तर माझं पहिलं मत अँटिव्हायरसच्या बाजूने पडलं. मी औषधांच्या कारखान्यात गेटवरचा सुपरवायझर आहे. आत जाणारी पिशवी आणि बाहेर येणारा खोका माझ्या माणसांच्या नजरेखालून गेल्याशिवाय हलत नाही. कोणी डोळ्यात तेल घालून काम करताना दिसलं की मला बरं वाटतं, मग ते यंत्र का असेना.

खेळाचं नाव ‘एकटा हातमोजा’. एक हातमोजा बोटांवर चालत गावभर आपला जोडीदार शोधतो, एवढीच गोष्ट. आमची मुलगी लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो. तीच भिंगरी चांगली नोकरी सोडून तीन वर्षं दुसऱ्या गावी भाड्याच्या खोलीत ठाण मांडून बसली होती, सोबत एक मैत्रीण. शुक्रवारी खेळ सगळ्यांसाठी खुला व्हायचा होता. लोकांनी घेतला तर पुढचा खेळ करायचा, नाही घेतला तर निमूट नोकरी शोधायची, असं तिने स्वतःच ठरवलं होतं. त्याआधी साध्या घरगुती कॉम्प्युटरवर तो उघडतो का, हे बघायला तिने तो आम्हाला पाठवला.

मी फोन लावला.

“खोटा इशारा आहे बाबा,” ती म्हणाली. “नव्या खेळांचं होतं असं.”

“खोटा कशावरून?”

मग तिने समजावून सांगितलं. कोणी नक्कल करू नये म्हणून फाइल गुंडाळून बंद केली होती, आणि व्हायरस बनवणारेही नेमकं तसंच गुंडाळतात. बनवणाऱ्याची डिजिटल सही लागते, ती अजून मिळायची होती. शिवाय खेळ अजून कोणी उघडलाच नव्हता, त्यामुळे अँटिव्हायरसने तो कधी पाहिलेला नव्हता.

“म्हणजे खोका बंद, ओळखपत्र नाही, आणि ओळखणारं कोणी नाही,” मी म्हणालो. “मीसुद्धा सोडला नसता.”

“तुम्ही गेटवर नाही आहात बाबा, घरी आहात. खाली ‘परवानगी द्या’ असं असेल, ते दाबा. आणि घाबरू नका, तो सगळी स्क्रीन व्यापतो. मध्ये मध्ये इंटरनेटवर जाऊन तुम्ही खेळात कुठवर आलात त्याची नोंदही ठेवून येतो.”

हे ऐकून माझं डोकं चालेना. बंद खोका, बिनओळखीचा, आत शिरल्यावर सगळं घर व्यापणार आणि मधूनच बाहेर जाऊन काहीतरी ठेवून येणार, आणि मी त्याला सोडायचं, का, तर माझ्या मुलीने पाठवलाय म्हणून. गेटवर ‘अहो, मी ओळखीचा आहे’ म्हणणाऱ्यांना मी जितकं परत पाठवलं असेल, तितकं चोरांनाही पाठवलं नसेल. मालकांचा मेहुणा एकदा पासशिवाय आला, तोही बाकावर बसून राहिला. नंतर मालकांनी मेहुण्यालाच झापलं.

“अहो, पोरीचं आहे ना ते? दाबा की,” बायको म्हणाली. ती शाळेत विज्ञान शिकवते आणि पेपर तपासता तपासता माझ्याकडे बघत होती.

“पोरीचं आहे म्हणूनच नीट व्हायला हवं,” मी म्हणालो.

आणि ते मी मनापासून म्हणालो. आमच्याकडे अनोळखी खोका आला की तो बाजूच्या टेबलावर जातो. तपासणीचा माणूस येतो, उघडून बघतो, शिक्का मारतो. एकदा शिक्का बसला की त्या खोक्याला पुढे कोणी हात लावत नाही. माझ्या मुलीचा खेळ शिक्का घेऊन ताठ मानेने आत जावा असं मला वाटत होतं. ‘परवानगी द्या’च्या शेजारीच ‘तपासणीसाठी पाठवा’ असं बटण होतं. मी ते दाबलं.

अँटिव्हायरसच्या कंपनीने प्रश्न विचारले. मी एकेकाचं उत्तर खरं खरं दिलं. प्रोग्राम सगळी स्क्रीन ताब्यात घेतो का? हो. इंटरनेटवर काही पाठवतो का? हो. ‘हा प्रोग्राम कोणी बनवला हे तुम्हाला खात्रीने माहीत आहे का?’ इथे मी अडलो. खात्री म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं, हे मी माझ्या माणसांना रोज बजावतो. भिंगरीला तो बनवताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिच्या त्या खोलीत मी एकदाही गेलो नव्हतो. मी ‘नाही’वर टिचकी मारली आणि निवांत झोपलो. भिंगरीला कळवलं की रीतसर होतंय, काळजी करू नकोस. तिला वाटलं, मी परवानगीचं बटण दाबलं.

शुक्रवारी संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज रडका नव्हता, पण काही उमगत नसल्यासारखा, थांबत थांबत येत होता.

“बाबा, काहीतरी विचित्र झालंय. कालपर्यंत तो अँटिव्हायरस अनोळखी म्हणून नुसता बाजूला ठेवत होता, आज ‘घातक’ म्हणतोय. सगळ्यांकडे. लोक विकत घेतात, उघडतात, लाल चौकट बघतात आणि परत करतात. खाली लिहितायत, व्हायरस आहे, घेऊ नका. कोणीतरी कंपनीकडे तक्रार केलीय म्हणे.”

“कोणी केली?” मी विचारलं. मला खरंच राग आला होता.

“ते सांगत नाहीत. पण फार नेमकी आहे म्हणतात. स्क्रीन ताब्यात घेतो, इंटरनेटवर पाठवतो, बनवणारा माहीत नाही.”

बायकोने लाल पेन खाली ठेवलं.

“भिंगरे,” मी म्हणालो, “ती तक्रार नव्हती. मी तपासणीला पाठवला होता.”

तिने आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं.

“बनवणारा कोण ते माहीत नाही, असं तुम्ही लिहिलंत?”

“खात्रीने माहीत आहे का, असं विचारलं होतं.”

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्हाला माहीत नाही?”

मी नियमाने वागलो होतो, खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतं, आणि तरी काहीतरी भयंकर करून बसलो होतो. यात नेमकं कुठे चुकलं ते मला शोधून सापडेना. बायको म्हणाली, “फोनवर काय निस्तरणार आहात? जा तिकडे.” सकाळच्या पहिल्या गाडीने मी गेलो.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. दोन टेबलं, तीन स्क्रीन, खिडकीत वाळत टाकलेले मोजे आणि भिंतीवर हाताच्या चित्रांचे कागद. मैत्रिणीने मला खुर्ची दिली आणि स्वतः खोक्यावर बसली. भिंगरीचे डोळे सुजलेले होते. तिने पाणी दिलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

“तू कसं करतेस ते मला दाखव,” मी म्हणालो. “एकदा डोळ्यांनी पाहिलं की मला लिहिता येईल.”

ती कामाला बसली. स्क्रीनवर आकडे आणि कंस यांच्या ओळी खाली खाली जात राहिल्या. मध्येच तिने एक ओळ बदलली. काय बदललं असं मी विचारलं, तिने सांगितलं, आणि मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. मग तिने स्वतःचा हात टेबलावर ठेवला आणि बोटांवर चालवून दाखवला. असंच चालताना त्याचं चित्रीकरण करून तिने हातमोज्याला चाल दिली होती. करंगळी जरा मागे ओढत होती. लहानपणी दारात चेंगरली होती तिची करंगळी. दुपारपर्यंत मी तिथे बसून होतो आणि दुपारी मला सकाळपेक्षा कमी कळत होतं. हा प्रोग्राम आत काय करतो हे मी आयुष्यात कधी खात्रीने सांगू शकणार नव्हतो.

तक्रार माझ्या नावावर होती, म्हणून मागेही मलाच घ्यायची होती. भिंगरीने पान उघडून कॉम्प्युटर माझ्यापुढे सरकवला. प्रश्न तेच होते. कोणी बनवला हे खात्रीने माहीत आहे का, इथे मी ‘हो’ केलं. त्याखाली एक नवी चौकट उघडली, ‘उत्तर बदलण्याचं कारण लिहा.’

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. कंपनीने ते कारण मान्य केलं नाही. नातं हा पुरावा होत नाही असं त्यांनी कळवलं, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच कळवलं असतं. त्यांनी खेळ स्वतः उघडून तपासला आणि चार दिवसांनी लाल चौकट काढली. तोवर गेलेले लोक गेले होते. थोडे परत आले. पुढचा खेळ की नोकरी, हे अजून ठरायचं आहे.

पण त्या दुपारी मला यातलं काही माहीत नव्हतं. मी दोन बोटांनी, अक्षरं शोधत शोधत लिहिलं, ‘हा प्रोग्राम कसा चालतो ते मला कळत नाही. सकाळपासून बघूनही कळलं नाही. तो माझ्या मुलीने बनवला आहे. ती म्हणते सुरक्षित आहे, म्हणून तो सुरक्षित आहे.’

भिंगरी माझ्या खांद्यामागे येऊन उभी राहिली. मी खुर्ची मागे सरकवली.

“घे, पाठव,” मी म्हणालो. “उशीर नको.”

“थांबा हो बाबा,” ती म्हणाली. “वाचू द्या मला.”