खड्डा बुजवल्यानंतर

व्हॅन गॅरेजच्या दारात वळण्याआधीच तिला आवाज आला. पुढच्या चाकापाशी कट्, कट्. परवाच तर तिथे नवे रबरी बुश घातले होते!

"तुझ्या बाबांनी हात लावला की वर्षानुवर्षं इकडे फिरकायला लागायचं नाही," शाळेच्या व्हॅनवाल्या मावशी खाली उतरल्या. "आता पोरं म्हणतात, मावशी, शाळा गॅरेजमध्येच भरवा."

एरवी ती हसली असती. तिने व्हॅन लिफ्टवर चढवली, बोल्ट काढले आणि चाकाला धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मच्या टोकातला बुश बोटाने दाबला. रबर गोल चिरलं होतं, कुणीतरी पिळून काढल्यासारखं. याआधीचेही असेच गेले होते. दुकान बदलून झालं, महागातलं रबर आणून झालं. उरले फक्त ते बसवणाऱ्या काकांचे हात.

बाबांबरोबर हयात काढलेले ते हात हल्ली थरथरत. सकाळीच तिने मन घट्ट करून सांगितलं होतं, "काका, महिनाअखेरपर्यंत या. मग घरी आराम करा." काकांनी फडक्याला बोटं पुसली होती. "बरं, पोरी," एवढंच.

"आज मी बसवते," ती म्हणाली. काकांनी पाना पुढे केला.

तिने पुढचा-मागचा बुश बसवला, बोल्ट करकचून आवळले. फेरी मारून आल्यावर रबर किती हललं ते कळावं, म्हणून पुढच्या बुशच्या तोंडावर पांढऱ्या रंगाची सरळ रेघ ओढली. लिफ्ट खाली आणली. चाकं जमिनीला टेकली. किल्ली घेण्याआधी तिने सहज फटीतून टॉर्च मारला.

रेघ तिरकी झाली होती.

"काका, गाडी हलवलीत?"

"मी? तुझ्या नाकासमोर तर उभा आहे!"

तिने लिफ्ट वर घेतली. रेघ सरळ. खाली आणली. तिरकी. पुन्हा वर, पुन्हा खाली.

"अगं, व्हॅन आहे ती, पाळणा नाही!" मावशी ओरडल्या.

तिला ऐकूच आलं नाही. गाडी जमिनीवर असतानाच तिने चाक पूर्ण वळवलं, फटीतून लांब पाना घातला आणि पुढचा बोल्ट सैल केला. खट्! रबर उडी मारून जागेवर आलं. रेघ सरळ.

आता तिला उमगलं. लिफ्टवर चाकं लोंबकळतात. तसंच आवळलं की रबर तिथेच जखडतं. मग गाडीचं वजन आलं की पिळलं जातं. गाडी नुसती उभी असली तरी पिळलेलंच. म्हणजे रबर चांगलं होतं. काकांचे हातही चांगले होते. आज तर तिनेच आवळलं होतं.

"काका, बाबा हे कसं आवळायचे?"

"कसं म्हणजे? जॅकवर बुश बसवायचा, जॅक काढायचा, मग खालून आवळायचं. जॅकवरच्या गाडीखाली पान्याला जोर लावायचा नाही, हा त्याचा दंडक. जीव जाईल म्हणायचा. रबराचं कधी काही बोलला नाही. चाकांवर गाडी उभी करायची आणि उतरायचं खड्ड्या…"



दोघांच्याही नजरा जमिनीवरच्या सिमेंटच्या लांबट पट्ट्याकडे गेल्या. भोवतालच्या काळ्या, तेलकट फरशीत तो अजून नवा, राखाडी दिसत होता. तिथे गाडीखाली उभं राहून काम करायचा खड्डा होता; बाबा गेले तेव्हा त्यांना त्यातूनच वर काढलं होतं. हातातला पाना सुटत नव्हता. तेरावा उलटायच्या आत तिने दगडमातीचं राबिट टाकून तो बुजवून घेतला आणि लिफ्ट आणली.

पुढचा बोल्ट तिने तसाच आवळला; मागचा मात्र खालूनच सैल करून पुन्हा आवळावा लागणार होता. चाकांखाली ठेवायचे दोन लोखंडी चढ आणून तिने व्हॅन त्यांवर चढवली. आता ती आपल्या चाकांवर उभी होती, बरोबर त्या पट्ट्यावर.

"सरक, मी जातो," काका म्हणाले.

"नको. तुम्ही टॉर्च धरा."

ती पाठीवर आडवी होऊन आत सरकली. सिमेंट गार होतं. काही क्षण तिला हात उचलवेना. काकांनी टॉर्च थरथरत्या हाताने आत धरला. रेघ सरळ दिसत होती.

"काका," ती खालून म्हणाली, "सकाळी मी जे बोलले, ते काही खरं नाही. तुम्ही कुठे जायचं नाही."

"आधी बोल्ट आवळ," काकांनी टॉर्च आणखी जवळ आणला. "शाळा सुटायची वेळ झाली."

तिने पाना लावला.