टार्पलींच्या हंड्याचा तळ

मित्रांनो, तीन पाय, एक तुटका कान आणि पोटात दोनशे माणसांचे जेवण मावेल असा मी एक जुना बिडाचा हंडा आहे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या टार्पली घराण्याने पहिले मत मागितले, ते माझ्या काठाशी उभे राहून.

आमच्याकडची रीतच तशी आहे. निवडणुकीआधी चर्चच्या मैदानात उमेदवाराने स्वतः रस्सा शिजवायचा. कोंबडी, मका, टोमॅटो, वालाचे दाणे पहाटेपासून ढवळत राहायचे. खाली लागला, की लोक म्हणणार, "याला हंडा सांभाळता येईना, हा जिल्हा काय सांभाळणार?" हॉलिस टार्पली असा रस्सा ढवळायचा दांडा फिरवत फिरवत गव्हर्नर झाले. त्या काळी माझा तोरा काही विचारू नका.

त्यांचा मुलगा क्लेटन मात्र आचारी बोलावू लागला. मी कोठारात गेलो. अंगावर गंज चढला. एक कोंबडी माझ्यात अंडी घालू लागली. तिच्या आज्या-पणज्या कुठे शिजल्या हे तिला ठाऊक नव्हते, म्हणून मला तिची दयाही यायची आणि हसूही. पुढे क्लेटन निवडणुकीत पडला.

मग हॉलिसची नात लोरीन जिल्हा मंडळासाठी उभी राहिली. तिने मला वाळूने घासले, चरबी चोळून काळाभोर केले. तिला एकच घोर होता. मते आजोबांच्या नावाला नकोत, तिच्या स्वतःच्या नावाला पडायला हवीत.

रश्शाच्या दिवशी आयोनाबाई आल्या. त्यांच्या वस्तीवरचा पूल वाहून गेला होता. दोन वर्षे कोणी ऐकत नव्हते. लोरीन ऐकत राहिली आणि तिच्या हातातला दांडा थांबला. करपल्याचा वास मैदानभर गेला. विरोधकांची माणसे खुसखुसू लागली.

क्लेटन कुजबुजला, "वरवरचं वाढ. तळ कुणाला दिसतोय?"

"वास तर येतोय ना, बाबा."

लोरीन बाकावर चढली. "मंडळी, रस्सा खाली लागलाय. माझ्याच हातून. चालत असेल त्यांनी वाढून घ्या."

कोणी हलेना. मग आयोनाबाईंनी ताटली पुढे केली.

"वाढ, पोरी. तुझ्या आजोबांनी तीनदा लावला होता. लाकडाच्या धुराचा वास आहे म्हणायचे, आणि आम्ही मुकाट गिळायचो."

सारे मैदान हसत सुटले, आणि सर्वांत मोठ्याने लोरीन. मीही मनात हसलो. ते तिन्ही थर माझ्याच बुडाला होते.

लोरीन एक्केचाळीस मतांनी निवडून आली. पूल झाला.

मित्रांनो, बिडाचे भांडे कोमट असतानाच घासा, पुसून तेलाचा हात फिरवा, म्हणजे ते नातवंडांना पुरते. आणि करपले तर करपले म्हणा. वास कोणाचा लपला आहे?

पुढच्या निवडणुकीला आयोनाबाई नव्या पुलावरून चालत आल्या आणि त्यांनी लोरीनच्या हातातला दांडा काढून घेतला.

"तू आपली माणसांचं ऐक," त्या म्हणाल्या. "रश्शाकडे मी बघते."