भोंग्याची आरोळी

मित्रांनो, या, टेका. संकोच करू नका, टेकण्यासाठीच माझा जन्म आहे. मैदानात गाण्याचा कार्यक्रम असला की रंगमंचासमोर, पहिल्या रांगेच्या अगदी पोटाशी जो लोखंडी कठडा असतो ना, तो मी. अंगावर रंगाचे इतके थर चढलेत, की माझं वय आता मलाच नीट सांगता येत नाही. आवाज थोडा खरखरीत येईल, तेवढं सांभाळून घ्या.

मला एका वेल्डरने घडवलं. माणूस तोंडाने फटकळ, पण हात सोन्याचा. शेवटचा सांधा जोडून झाल्यावर त्याने चष्मा कपाळावर चढवला, मला सणसणीत लाथ घातली आणि मी हललो नाही हे पाहून म्हणाला, "हा टिकतोय!" माझं पहिलं कौतुक हे असं लाथेने झालं. पण खरं सांगतो, मला फार बरं वाटलं होतं.

मग माझे भरभराटीचे दिवस आले. शहरात एक रॉक बँड होता. त्याच्या गायकाला सगळे भोंगा म्हणत. त्याचं खरं नाव त्याच्या आईलाही आठवत नसेल! ड्रम वाजवायची त्याची सख्खी बहीण, तिचं नाव धाकटी. त्यांचा कार्यक्रम असला की माणसं माझ्यावर अशी आदळायची, की माझे बोल्ट कुरकुरायचे. कुणाची कोपरं, कुणाचे घामेजलेले तळवे, कुणाची हनुवटी. त्यांनी मला घट्ट धरलं की त्यांच्या छातीतली धडधड माझ्यात उतरायची. गाणं वर नाही, इथे माझ्याच अंगावर चाललंय असं वाटायचं.

पुढे त्यांनी एक कॅसेट काढली आणि त्याच सुमारास बँड मोडला. भांडणतंटा काही नव्हता. लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या, जो तो पोटापाण्याच्या मागे लागला. त्या कॅसेटमधलं 'निघालो' हे गाणं घराघरांत वाजलं, पण लोकांसमोर एकदाही गायलं गेलं नाही. माझी रवानगी झाली अडगळीच्या खोलीत. तिथे माझ्यावर ओली पायपुसणी वाळत घालायचे. ज्या दांडीला धरून लोक हमसून हमसून रडले, तिच्यावर पायपुसणी! एका कोपऱ्याला गंज चढला. विचारतो कोण? आपलं आता संपलं, असंच मी धरून चाललो होतो.

आणि एके दिवशी दार उघडलं. मला ओढून बाहेर काढलं, घासलं, रंग मारला. बँड पुन्हा एकत्र येत होता! एका संध्याकाळपुरता का होईना, येत होता.

दुपारी तालीम झाली. मधेच भोंगा खाली उतरून माझ्यावर रेलला. केस गेलेले, पोट सुटलेलं. तो आता लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. मागोमाग धाकटी पाण्याची बाटली घेऊन आली.

"दादा, काय झालं?"

"ती आरोळी गं. दुसऱ्या कडव्यानंतरची. लागतच नाही. दिवसभर शिकाऊ लोकांवर ब्रेक, ब्रेक म्हणून ओरडतो, गळ्याची पार वाट लागलीय."

"मग गाळून टाकू या."

"वेड लागलंय का तुला? लोक त्या आरोळीसाठीच येणार! ती फाटली तर यापुढे मी माइकला हात लावणार नाही. बघच तू."

त्याचे हात गार पडले होते. मला कळत होतं ना, मलाच तर धरलं होतं.

अजून उजेड होता तेव्हाच फाटक उघडलं आणि लोंढा आला. धावत आले म्हणजे काय, धावल्यासारखं करत आले. गुडघे आता कुणाचं ऐकतात! जुने काळे टी-शर्ट पोटावर ताणून बसलेले. चष्मे सावरत, धापा टाकत, "अरे, तू अजून आहेस होय?" असं एकमेकांना विचारत सगळे माझ्याभोवती जमले. माझ्या मधोमध जागा पटकावली कॅसेटवाल्या काकूंनी. बाजारात त्यांच्या वडिलांचं कॅसेटचं दुकान होतं, त्यामुळे त्यांना कोण ओळखत नाही! सोबत त्यांची मोठी लेक. आईने आणलं म्हणून आलेय, हे तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

पहिला ठोका पडला आणि सगळे माझ्यावर आदळले. मी लगेच ओळखलं, हीच ती माणसं! कोपरं जाड झाली होती, पण जोर तोच.

"आई, हळू! तुझी कंबर!" लेक ओरडली.

"कंबर गेली खड्ड्यात!" काकू म्हणाल्या.

शेवटी 'निघालो' सुरू झालं. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. धाकटीची नजर भावावर खिळली होती. भोंग्याने डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि अख्खं मैदान एका दमात पुढच्याच ओळीवर जाऊन पडलं, "निघालो आम्ही, निघालो!"

आरोळीला कुणी जागाच ठेवली नाही! भोंग्याचं तोंड उघडं ते उघडंच. धाकटीच्या काठ्या क्षणभर हवेत अडकल्या, मग तीही लोकांबरोबर धाडकन उतरली. गिटारवाले तिच्यामागे फरपटत गेले. गाणं संपलं तरी भोंगा आपला इकडेतिकडे बघतोय.

"अहो," तो माइकमध्ये म्हणाला, "माझी आरोळी कुठे गेली?"

"कसली आरोळी?" लोक एकमेकांना विचारायला लागले.

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. "आमच्या मशीनने खाल्ली हो!"

भोंगा खाली आला आणि माझ्यावरून माइक त्यांच्यापुढे धरला. काकू म्हणाल्या, "तुमची कॅसेट आमच्याकडे आली ती एकच. मशीनमध्ये टेप अडकून चुरगळली. बाबांनी तेवढा तुकडा कापला, चिकटपट्टीने टोकं जोडली आणि तिच्याच कॉप्या काढून सगळ्या शहराला दिल्या. आम्ही गाणं शिकलो ते त्यातून. तुमची आरोळी इथे कुणी ऐकलेलीच नाही!"

भोंगा हसत सुटला, इतका की मला धरून खालीच बसला. "दुपारपासून या आरोळीपायी घास उतरला नाही हो माझ्या!"

सगळं मैदान हसलं. तिथेच सुटला होता तो. हात हलवून परत वर गेला असता, तर कुणाला काही कळलं नसतं. पण तो उठला आणि म्हणाला, "मग, ऐकायचीय का?"

"ऐकवा!"

"फाटेल बरं का!"

"फाटू द्या!" काकू ओरडल्या. "चिकटपट्टी आहे आमच्याकडे!"

तेव्हा त्याने माझ्या खालच्या दांडीवर पाय ठेवला आणि लोकांच्या बाजूला उतरला. माझं काम माणसं अडवायचं, पण लोकांत मिसळायला निघालेल्याला मी कशाला अडवू? धाकटीने वरून ठोका दिला. भोंग्याने आरोळी ठोकली. ती चढली, आणखी चढली आणि मधोमध टर्रकन फाटली.

फाटली तशी काकूंनी उचलली. मग, विश्वास ठेवा, त्यांच्या लेकीने उचलली. मग अख्ख्या मैदानाने. जी आरोळी त्यांनी जन्मात ऐकली नव्हती, ती हजारो गळ्यांतून अशी निघाली, की मी या टोकापासून त्या टोकापर्यंत झणझणलो. धाकटी ड्रममागे उभी राहून रडत होती आणि वाजवतही होती. लोकांनी भोंग्याला खांद्यावर घेतलं. "पुढच्या वर्षी कधी?" असं कुणीतरी विचारलं, तर हा पठ्ठ्या ओरडून म्हणाला, "कशाला पुढच्या वर्षी? पुढच्या महिन्यात!"

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. वर्षातून एकदा माझा गंज खरवडा, बोल्ट आवळा, आणि गर्दीत मागून ढकलू नका, पुढच्याच्या बरगड्या माझ्यावर येतात. पायपुसणी दोरीवर घाला. आणि गळा गेला म्हणून कुणाला घरी बसवू नका. त्याला म्हणावं, येईल तेवढं गा, उरलेलं आम्ही बघतो.