विहिरीतली नीळ

आधीच सांगून ठेवते, त्या दिवशी मी बोंब मारली ती रागानं नाही, आनंदानं. आमच्या घरात हा फरक कुणालाच कळत नाही, म्हणून सांगावं लागतं.

आमच्याकडे विहीर एक आणि भाऊ दोन. थोरले आमचे हे. ह्यांचा गोठा विहिरीच्या एका अंगाला. धाकटे भाऊजी, त्यांची कोंबड्यांची शेड दुसऱ्या अंगाला. खताचे खड्डे ज्याचे त्याच्या बाजूला, पण घर एक, स्वयंपाक एक. भाऊजींना मुलगा झाला, त्याला वरचं दूध सुरू झालं, आणि नेमक्या त्याच सुमारास पाणी तपासणाऱ्या बाई आल्या. त्यांनी विहिरीच्या पाण्यात कागदाची पांढरी पट्टी बुडवली. बघता बघता ती गडद गुलाबी झाली.

"खत उतरलंय पाण्यात," बाई म्हणाल्या. "बाळाच्या दुधात हे पाणी अजिबात घालू नका. तान्ह्या बाळांना हे बाधतं, अंग निळं पडतं."

"उकळून घालू की मग!" मी म्हटलं.

"उकळलं की पाणी उडून जातं आणि खत मागं राहतं. ते तर आणखी वाईट."

धाकटीनं, म्हणजे माझ्या जावेनं, त्याच संध्याकाळी बाळाला उचललं आणि माहेर गाठलं. जाताना माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "ताई, पट्टी पांढरी निघाली की मला फोन करा. तशीच निघून येते." ती गेली आणि घर खायला उठलं. भांडायलासुद्धा माणूस उरलं नाही हो!

भांडायला पुरुष होते म्हणा. हे म्हणाले, कोंबडीखत कडक, तेच झिरपलं. भाऊजी म्हणाले, गायींचं मूत काय अत्तर असतं का? झालं, बोलणं बंद. मग दोघांनी ईर्ष्येनं आपापला खड्डा सिमेंटनं बांधून काढला, पाऊस आत जाऊ नये म्हणून वर पत्रे टाकले. पाण्याची काळजी कमी, समोरच्याचं नाक कापायची हौस जास्त. पण पट्टी गुलाबी ती गुलाबीच.

सासरे हे सगळं आपल्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बघायचे. त्या खोलीचं दार वाऱ्यानं धाडकन आपटतं, म्हणून त्याला कायम एक जाडजूड पितळी गोळा लावलेला. माझ्या पायाच्या करंगळीनं त्या गोळ्याचे इतके प्रसाद खाल्लेत की विचारू नका. शेवटी सासऱ्यांनी निकाल दिला. "दोष कुणाचा ते रविवारपर्यंत ठरवा. ज्याचा असेल त्यानं वेगळी विहीर खणायची, वेगळं घर बांधायचं."

दोष कुणाचाही निघो, धाकटी आणि बाळ माझ्या घरात परत येणार नव्हते.

मी बाईंना फोनवर फोन केले. बिचाऱ्या दोन रंग घेऊन आल्या. हिरवा आमच्या खड्ड्यात, लाल भाऊजींच्या खड्ड्यात, वर पाणी सोडलं. "खड्डा गळत असला तर तुमच्या मुरमाड जमिनीतून रंग रविवारपर्यंत विहिरीत येईल," त्या म्हणाल्या.

रविवार उजाडला. पंप सुरू केला, पाइपाच्या तोंडाशी मी पांढरा टब ठेवला, आणि सगळे त्याच्याभोवती वाकून उभे. हे एकीकडे, भाऊजी दुसरीकडे, सासरे खुर्चीसकट मध्ये.

"वहिनी, दादाला सांगा, हिरवट दिसतंय," भाऊजी म्हणाले. दादा हातभर अंतरावर उभा!

"त्याला म्हणावं चष्मा लाव," हे म्हणाले.

"मी काय टपाल खातं आहे का?" मी दोघांवर खेकसले. पाणी वाहत होतं, टब भरून सांडत होता, आणि रंगाचा पत्ता नव्हता. हिरवा नाही, लाल नाही. बाईंनी पट्टी बुडवली. गुलाबी!

"कमाल आहे," बाई म्हणाल्या. "खड्डे दोन्ही पक्के आहेत. मग हे खत येतंय कुठून?"

तेवढ्यात वीज गेली. पंप बंद पडला, सगळीकडे एकदम सामसूम झाली, आणि त्या शांततेत मला आवाज आला. गुळ्‌ गुळ्‌ गुळ्‌.

विहिरीच्या काठाशी आमचा खताचा ड्रम असतो. टोमॅटोला द्यायचं खत त्यात विरघळवायचं, ड्रमची बारीक नळी पंपाच्या पाइपाला जोडायची, म्हणजे पाण्याबरोबर खत रानात जातं. मी ड्रममध्ये डोकावले. पंप बंद, तरी ड्रममधलं पाणी खाली खाली चाललेलं!

"अहो, हे चाललंय कुठं?"

"रानात, दुसरीकडं कुठं!" हे म्हणाले.

"पंप बंद असताना? चालत जातं का?"

मला धीर कुठला! पळत न्हाणीघरात गेले, कपड्यांच्या निळीची बाटली उचलली आणि सबंध ड्रममध्ये ओतली. "अगं वेडी झालीस का!" हे ओरडले. मी तोवर विहिरीच्या काठावर पालथी पडून खाली बघत होते. पाइप जिथं पाण्यात शिरतो तिथं आधी काहीच नव्हतं. मग एक धागा निघाला. निळा. मग ढगच्या ढग!

"आलं! आलं! निळं आलं!" मी अशी किंचाळले की भाऊजींच्या कोंबड्या फडफडून उठल्या. भाऊजी धावत आले, हे धावत आले, दोघं एकमेकांच्या खांद्याला धरून खाली वाकले. "दादा, ड्रम उलटा विहिरीत जातोय!" तीन आठवड्यांत पहिल्यांदा भाऊजी सरळ ह्यांच्याशी बोलले. ह्यांनी कपाळावर हात मारला. "आणि वीज गेली की ड्रम रिकामा दिसतो, म्हणून आपण आणखी एक घोळतो! म्हणे रान फार खातंय!"

बाईही लहान पोरीसारख्या टाळ्या पिटत होत्या. "पण पाइपाला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह असतो ना? पितळी, असा मुठीएवढा?"

मग खुर्ची करकरली. सासरे उठले, खोलीत गेले, आणि मागे दार धाडकन आपटलं. परत आले तेव्हा त्यांच्या हातात तो दाराचा गोळा होता.

"पाण्याला जोर कमी येत होता," ते खाली बघत म्हणाले. "मीच काढून ठेवला होता."

हसावं की चिडावं तेच कळेना. माझी करंगळी इतकी वर्षं ज्याच्यावर आपटत होती तो हा! पण सासऱ्यांचा चेहरा पाहिला आणि दोन्ही राहून गेलं. ह्यांनी गोळा घेतला, भाऊजींनी पाना आणला, आणि दोघं भाऊ एका पाइपाशी बसले.

विहीर उपसली, तिचं पाणी रानालाच दिलं. त्यात खत होतंच, म्हणून बाईंनी वरून खत घालू दिलं नाही. टोमॅटो तरीही असे लगडले की आम्ही आजवर किती खत वाया घातलं ते आठवून मला अजून संताप येतो. विहीर भरायची, पुन्हा उपसायची. पट्टी फिकी होत गेली, आणि एका सकाळी बुडवली तशीच पांढरी वर आली. मी दोनदा बुडवून पाहिली आणि मग फोन लावला. धाकटीनं "हॅलो" म्हणायच्या आत मी रडायलाच लागले.

ती दुपारीच आली. बाळाला सासऱ्यांच्या खोलीत निजवलं, तीच खोली गार. थोड्या वेळानं मी दुधाची बाटली घेऊन गेले, तर सासरे खुर्चीवर बसलेले, एक पाय लांब करून दार अडवून धरलेलं.

"बाबा, थांबा, दाराला दगड लावते," मी हळूच म्हटलं.

"नको," ते म्हणाले. "मीच धरतो."

बाळ उठेपर्यंत त्यांनी पाय हलवला नाही.