हवेत फिरणारं चाक

मी एक जुनी मोटारसायकल आहे. म्हणजे मित्रांनो, दिसते जुनी! खरं सांगू? मी जन्मले तीच म्हातारी होऊन. गोल दिवा, फुगीर टाकी, तारांची चाकं आणि भरदार आवाज. कारखान्यात माझ्या शेजारच्या रांगेत टोकदार नाकांच्या चटपटीत गाड्या तयार होत होत्या आणि मला मात्र मुद्दाम पन्नास वर्षांपूर्वीचे कपडे चढवले होते. आत सगळं नवंकोरं. माझ्या निळ्या टाकीवरची सोनेरी रेघ एका ताईंनी हाताने ओढली. रेघ ओढताना त्या श्वास रोखून धरायच्या आणि संपली की मोठ्याने "हुश्श!" म्हणायच्या. जगात माझ्या कानावर पडलेला पहिला शब्द तोच.

मला विकत घेतलं एका दंतवैद्यांनी. सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. त्यांच्या पत्नी शाळेत खेळ शिकवायच्या. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून त्यांचं नावच पडलं होतं शिट्टीबाई. डॉक्टर मला सरळ चालवत आणि बाई मला पळवत! वळण आलं की डॉक्टर आधी हॉर्न, मग ब्रेक, मग देवाचं नाव. बाई मात्र कमरेतून अशा झुकायच्या की माझंही अंग आपोआप कलायचं. सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं नदीवरचा पूल ओलांडून शहराबाहेर जायचो. चिखल उडायचा, चाकात गवत अडकायचं, कधी प्लग काळा व्हायचा. मग डॉक्टर रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून दातांच्या ब्रशने प्लग घासत आणि मला दटावत, "नीट आ कर बघू!" बाई हसून लोटपोट. काय दिवस होते ते!

मग डॉक्टर निवृत्त झाले. घराखालचा दवाखाना रिकामा झाला आणि त्यांच्या हाताला काही काम उरेना. रोज कोणाच्या तरी तोंडात डोकावणाऱ्या माणसाने करायचं काय? त्यांनी माझ्यासारख्याच चार गाड्या आणल्या. एक काळी, दोन हिरव्या जुळ्या आणि एक लाल. लाल काय देखणी होती म्हणून सांगू! आम्ही सगळ्या तिला लालताई म्हणू लागलो. आमचा मुक्काम दवाखान्यातच ठरला. पांढऱ्या फरश्या, पांढरे दिवे, भिंतीवर बत्तीस दातांचं चित्र. लालताई दाराजवळ, मी सगळ्यात मागे बेसिनपाशी.

सुरुवातीला मी हरखून गेले होते. मऊ फडका, वेगळं पॉलिश, सांध्यांत अडकलेली धूळ काढायला कापूस गुंडाळलेली काडी! असे लाड कोणाचे झालेत? पण लाडाबरोबर नियमही आले. आधी ठरलं, पावसात न्यायची नाही. मग ठरलं, धुळीत न्यायची नाही. मग उन्हाने रंग विटतो म्हणून उन्हातही नाही. आता तुम्हीच सांगा मित्रांनो, पाऊस, धूळ आणि ऊन वगळलं तर उरतं काय? उरतो दवाखाना!

आम्हाला मेन स्टँडवर चढवलं. टायर एका जागी दबू नयेत म्हणून पुढे इंजिनाखालीही लाकडी ठोकळ्याचा आधार दिला. दोन्ही चाकं अधांतरी. दर रविवारी सकाळी डॉक्टर मला किक मारत, पहिला गिअर टाकत आणि माझं मागचं चाक हवेत फिरायला लागे. गरगर, गरगर! इंजिनाला वाटे निघालो, चेनला वाटे निघालो. आणि समोर काय? बेसिन. पुढचं चाक तर हलतसुद्धा नसे. जेमतेम पाच मिनिटांत डॉक्टर चावी फिरवत, माझी पाठ थोपटत आणि खूश होऊन म्हणत, "झाला बरं हिचा व्यायाम!"

तुम्ही कधी स्वप्नात धावला आहात का? पाय चालताहेत पण रस्ता पुढे सरकत नाही, असं? माझं दर रविवारी तसं व्हायचं.

लालताईला तर तेवढंही मिळत नव्हतं. "ती नाजूक आहे, तिला नको त्रास," असं म्हणून डॉक्टर तिला कधी सुरूच करत नसत. दवाखान्याच्या दाराची काच धुरकट होती. तिच्यातून बाहेरून जाणाऱ्यांच्या फक्त सावल्या दिसत. लालताई आम्हाला सांगायची, आज एक उंच सावली गेली, आज एक कुत्र्याची सावली गेली. पुढेपुढे तिने सांगणं बंद केलं.

बाई मधूनमधून खाली यायच्या आणि दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या.

"अहो, घरात पाच-पाच गाड्या आणि आपण दोघं बसस्टॉपवर उभे! लोक हसतात हो."

"हसू देत. ओरखडा पडला तर लोक भरून देणार आहेत का?"

"पडू दे की एखादा! मला त्या पुलापलीकडे जायचंय. गुडघे धड आहेत तोवर न्या."

"बघू गं. हवा जरा निवळू दे."

हवा वर्षानुवर्षं निवळतच होती.

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगते, जी तेव्हा फक्त मला माहीत होती. पेट्रोल जळलं की वाफ होते. गाडी लांब पळाली की सायलेन्सर चांगला तापतो आणि ती वाफ उडून जाते. पण कोमट होऊन लगेच बंद केलं की तिचं पाणी होतं आणि आतच साचतं. माझ्या पोटात रविवारमागून रविवार पाणी साचत होतं. सायलेन्सर बाहेरून आरशासारखा आणि आतून गंजत चाललेला. ऑइलमध्येही पाणी उतरायला लागलं होतं. अशीच आणखी काही वर्षं गेली असती तर मी संपलेच असते, तेही चकाचक दिसत! सायलेन्सरमधून तपकिरी थेंब पडले की डॉक्टर ते हलक्या हाताने पुसत आणि म्हणत, "घाम आला वाटतं राणीला." मी ओरडत होते मित्रांनो. पण माझ्या ओरडण्याला ते व्यायाम म्हणत होते.

एका रविवारी शेजारचे काका आपल्या पाहुण्यांना घेऊन आमचं प्रदर्शन बघायला आले. डॉक्टरांची कळी खुलली. "हिचा आवाज ऐका फक्त," म्हणत त्यांनी मला किक मारली आणि आवाज घुमावा म्हणून हँडलची मूठ जरा जोरातच पिळली. माझ्या सायलेन्सरच्या पोटातून एक गंजका तुकडा सुटला आणि टणकन पांढऱ्या फरशीवर पडला. मागोमाग तपकिरी पाण्याची धार. आवाज घुमण्याऐवजी फाटला.

शेजारचे काका म्हणाले, "डॉक्टर, हिचा दात पडला हो!"

पाहुणे खो-खो हसले. डॉक्टर हसले नाहीत. पाहुणे गेल्यावर त्यांनी कपाटातून तोंडात बघायचा आपला छोटा आरसा काढला, बॅटरी घेतली आणि चक्क फरशीवर पालथे झोपले. आरसा आत घातला.

"काय दिसतंय?" बाईंनी विचारलं.

"कीड," डॉक्टर म्हणाले. "वरून शाबूत, आतून सगळं पोखरलंय. आणि मी आपला वरून घासत बसलो."

बाई एरवी टोमणा सोडायच्या नाहीत, पण तेव्हा त्यांनी नुसता हात पुढे केला आणि डॉक्टरांना उठवलं.

त्याच दुपारी त्यांनी आम्हाला स्टँडवरून उतरवायला घेतलं. मला बाहेर काढायचं तर आधी पुढच्या सगळ्यांना हलवायला हवं. पहिली लालताई. डॉक्टर तिला हळूच म्हणाले, "चल, आज तुलाही सुरू करू." त्यांनी किकवर पाय ठेवला. किक खाली जाईना. दोन्ही हातांनी हँडल धरून त्यांनी सगळा भार टाकला. जणू दगडावर उभे! दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. इतकी वर्षं न हलल्यामुळे लालताईचा पिस्टन आतल्या आत धरला होता, पार चिकटून गेला होता. खूप खटपट झाली, पण तो काही सुटला नाही. ज्या गाडीचे लाड सगळ्यात जास्त झाले, तिलाच निघायला सगळ्यात जास्त उशीर झाला होता. डॉक्टर तिच्या सीटवर हात ठेवून कितीतरी वेळ उभे होते. मला वाटतं, त्यांना माफी मागायची होती, पण गाडीची माफी कशी मागतात हे त्यांना माहीत नसावं.

माझं ऑइल बदललं. सायलेन्सरला ठिगळ लावलं. आता माझा आवाज थोडा घोगरा झाला आहे, पण मला आवडतो. पुढच्याच रविवारी बाई पुढे आणि डॉक्टर मागे बसले आणि मी चाकं टेकवून दाराबाहेर पडले. किती वर्षांनी डांबर लागलं पायाला! पुलावर खड्डा आला, डॉक्टर ओरडले, "अगं सांभाळ!" आणि बाईंनी मुद्दाम तो चुकवला नाही. धप्प! माझे सगळे सांधे कुरकुरले. मी इतकी हसले की हॉर्न वाजायचाच बाकी होता.

आता दर रविवारी एकीचा नंबर असतो. माझा नसेल तेव्हा मी त्याच खोलीत, त्याच बेसिनसमोर उभी असते. तरी ते उभं राहणं वेगळं. आता मी वाट बघत असते, पूर्वी मी नुसती अडकलेली होते. लालताईचा नंबर मात्र येत नाही. म्हणून फिरून आल्यावर कोणी फडका घ्यायच्या आत मी तिला सगळं सांगून टाकते. मागच्या चाकाला लागलाय तो पुलापलीकडचा चिखल, दिव्यावर चिकटलंय ते पिवळं फूल कुठल्याशा कुंपणावरचं. ती ऐकते. परवा पहिल्यांदाच तिने विचारलं, "खड्डा केवढा होता गं?"

मी तिला तो खड्डा होता त्याच्या दुप्पट करून सांगितला.

मित्रांनो, तुमच्या घरीही कपाटाच्या वरच्या फळीवर एखादी वाजवायची पेटी, बॅट किंवा सायकलचा पंप जपून ठेवलेला असेल. जरूर जपा, पण त्या वस्तूला तिचं काम करू द्या. झिजेल, ओरखडे पडतील, ठिगळ लागेल. ते मी सोसते आहे आणि मजेत आहे. मला भीती वाटते ती लालताईच्या किकची. जे खाली उतरवायचं असेल, ते आज उतरवा. हवा निवळायची वाट बघू नका.