दह्यामागच्या दोन डब्या

"वन्सं, सूनबाई दह्याच्या भांड्यामागे कसल्यातरी डब्या लपवते. मला तर वाटतं, मूल लांबवायचं औषध असणार."

माझं दार सताड उघडं टाकून सासूबाई हे आपल्या नणंदेला, म्हणजे आत्याबाईंना, सांगत होत्या, आणि मागे उंबऱ्यावर नवी सून रिकामा जग घेऊन उभी होती. तिनं ऐकलं, आणि जग घेऊन तशीच माघारी वळली.

मी या घरातला फ्रीज बोलतोय. जन्म कारखान्यातला, संस्कार मात्र इथले. माझ्या अंगावरचं प्लास्टिक वर्षभर कुणी काढू दिलं नव्हतं. भूक नसली तरी माणसं माझं दार उघडून आत टक लावून बघतात, आणि काही न घेता निघून जातात. पोटातलं बाहेर सांगायची सोय असती, तर त्या डब्यांचं मीच सांगितलं असतं.

त्यात एचपीव्हीची लस होती. एक डबी सुनेची, एक तिच्या नवऱ्याची. दोघांनी मिळून जायचं ठरलं होतं. "गार हवी, पण गोठता कामा नये," असं औषधवाल्यानं बजावलेलं. म्हणून ती मधल्या कप्प्यात.

नवरा रोज पाणी प्यायला यायचा आणि डबीकडे पाहून पटकन दार लावायचा.

"हा बायकांचा आजार ना? मग मला कशाला सुई?"

"पुरुषांनाही होतो. आणि विषाणू सासर-माहेर बघत नाही. तुमच्याकडून मला येईल, नाहीतर माझ्याकडून तुम्हाला."

"आज नको. हात दुखतोय."

"कुठला?"

"उजवा."

"डाव्यात देतात."

असं करत करत आज एकदाचा तो तयार झाला. सून डब्या काढायला आली, तर दह्यामागे काहीच नव्हतं.

"मी वर बर्फात ठेवल्यात," सासूबाई म्हणाल्या. "कसलं का असेना, औषध आहे. नासायला नको."

दोन्ही डब्या दगड झाल्या होत्या. मी घरघरलो, पण माझ्या घरघरीला या घरात 'जुना झालाय' एवढाच अर्थ आहे.

नवऱ्याचा चेहरा उजळला. "गोठलेली चालत नाही म्हणे. जाऊ दे, नशिबातच नव्हतं."

आत्याबाईंनी सासूबाईंना कोपर मारलं. लग्न होऊन आल्यापासून 'हो' आणि 'वाढू का' याखेरीज फारसं न बोललेल्या सुनेनं माझं दार शांतपणे लावलं, त्याला पाठ टेकली आणि म्हणाली,

"आई, हे मूल लांबवायचं औषध नाही. नवराबायकोत एकमेकांकडून जाणारा एक विषाणू असतो, त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. तो होऊ नये म्हणून ही लस, आणि ती दोघांनाही. या दोन वाया गेल्या, उद्या नव्या आणू. मी माझी घेईन. यांना हाताला धरून दवाखान्यात न्यायचं काम तुमचं. माझं ऐकत नाहीत ते, आणि तुमच्यासमोर रडायची त्यांना लाज वाटेल."