क्लाराला पोचवायला

आर्वो निएमीने 'क्लारा हॉलबर्ग' या मालवाहू जहाजाचं सुकाणू ऐन तारुण्यात हाती धरलं ते केस पांढरे झाल्यावरच सोडलं. अमेरिकेतल्या डुलूथच्या धक्क्यावर लोहखनिज भरायचं, सुपीरिअर सरोवर ओलांडून पोलाद कारखान्यांकडे न्यायचं, येताना कोळसा आणायचा. पुढे खनिजासाठी लांबलचक नवी जहाजं आली. क्लाराच्या वाट्याला दगड आले, मग मीठ, आणि शेवटी धक्क्याला नुसतं बांधून राहणं. आर्वो असाच सरोवरावर असताना त्याची बायको वारली होती. घरी त्याची वाट बघणारं कुणी नव्हतं.

क्लारा भंगारात निघाली. एक टगबोट तिला ओढत सरोवराच्या पूर्व टोकाला, जहाजं मोडायच्या धक्क्यावर नेणार होती. क्लारावर दिवे आणि दोर सांभाळायला दोन माणसं हवी होती. आर्वो आपण होऊन गेला. दुसरी होती लेम्पी, जहाजावरची जुनी स्वयंपाकीण.

इंजिन थंडगार. एवढं मोठं जहाज आवाज न करता पाण्यावरून सरकत होतं, ते आर्वोला सोसवेना. तो सुकाणूघरात जाऊन सुकाणू धरून उभा राहिला.

"काका, दिसताय मला दुर्बिणीतून," वायरलेसवर टगचा कप्तान मोरिस हसला. "सुकाणू जाम केलंय. कुणाला वळवताय?"

"हात कुठे ठेवू मग?"

"खिशात ठेवा की!"

लेम्पी कॉफी आणि कडक टोस्ट घेऊन आली. "हसू दे रे त्याला. मी तरी काय, मघापासून रिकामी भांडी घासतेय."

पूर्वेचा किनारा दिसू लागला आणि वायव्येचा वारा उठला. ओढीचा दोर ताडकन तुटला. क्लारा आडवी होऊन खडकांकडे वाहू लागली.

"नांगर सोडा!" मोरिस ओरडत होता.

कठडा धरत दोघं नाळेवर, जहाजाच्या पुढच्या टोकाला पोचली. नांगराची साखळी अडवणाऱ्या ब्रेकचं चाक गंजून बसलेलं. लेम्पीने हातोड्याने ठोकलं, आर्वो अंगाचं ओझं टाकून लटकला. चाक फिरलं आणि साखळी गंजाचा धुरळा उडवत धडधडत खाली गेली. खडक अगदी समोर दिसत होते. नांगराने तळ धरला आणि क्लारा थांबली.

वारा पडल्यावर मोरिसने नवा दोर बांधला. "काका, वाचवलंत जहाज!"

आर्वोने नव्या दोराची गाठ तपासली.

"कशासाठी रे वाचवलं?" लेम्पीने हळूच विचारलं.

"आपण दोघं होतो ना वर." मग म्हणाला, "आणि तिला फुटताना बघवलं नसतं."

मोडणीच्या धक्क्यावर कामगार लोखंड कापायची गॅसची नळकांडी लावून तयारच होते. लेम्पीला न्यायला भाचा आला होता.

"चल आमच्याकडे," ती आर्वोला म्हणाली. " राहा चार दिवस."

"येईन कधीतरी."

"तू कसला येतोयस!" ती म्हणाली. त्याच्या कोटाचं वरचं बटण लावून ती गाडीत बसली.

डुलूथच्या बसमध्ये त्याने पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली. मग उचलून पायाशी घेतली, कुणी बसायला आलं तर जागा असावी म्हणून. वाटेत पुष्कळ माणसं चढली, उतरली. शेजारी कुणी बसलं नाही.